भात्याचा कोपरा

गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्यात जोर राहिला नाही. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यांच्या भात्याच्या घड्या आता भाची पाडते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, अस्तर तिला पटकन जमलं. अडतं ते कोपऱ्यावर. तिथं दोन पट्ट्यांमध्ये जागा कमी सोडली तर भाता मिटत नाही. जास्त सोडली तर मधोमध लोंबतो आणि भिंगातून येणारा उजेडच अडवतो. त्यात कोपऱ्यातलं छिद्र लबाड. पूर्ण ताणलेल्या भात्यात कधी दिसतच नाही. आत बल्ब लावून भाता अर्ध्यावर आणला की मग चमकतं.

"मामा, सोल्युशन जाड लावू का?" ती विचारते. जाड लावलं की कडक होतं, आणि घडी तिथंच तडकते. हिंगोलीच्या मे महिन्यात तर लवकरच. कापड कुठं वळायला तयार आहे हे माझ्या अंगठ्याला कळायचं. ते तिला कसं सांगायचं, या विचारात रात्री झोप लागत नाही.

या कोपऱ्यापायी मला केरळातल्या अलप्पुळाचे के. करुणाकरन घरचे वाटतात. त्यांच्या घरी वाद्यांचा धंदा. पेटीचा भाता नीट करणारे म्हणून एका छायाचित्रकाराने आपल्या कॅमेऱ्याचा भाता त्यांच्याकडे आणला, आणि त्यातून १९४६ साली 'वागीश्वरी' हा लाकडी फील्ड कॅमेरा उभा राहिला. परदेशी कॅमेरे महाग होते, त्याचा आडोसा मिळाला हे खरं. पण लाकूड, पितळ, भाता, सगळं गावातल्या कारागिराला उघडून नीट करता यायचं, म्हणूनही तो इतकी वर्षं स्टुडिओत टिकला. ऐंशीच्या दशकात, छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यांपुढे, तो बंद पडला. मुंबईच्या फोटोफोनचा हॉट शॉट कॅमेरा त्याच दशकात घरोघरी गेला, स्वस्त, सोपा. तोही आता नाही. स्वस्ताईत मोठ्याशी झुंजणारा छोटा टिकत नाही, हे माझं ठाम मत.

उलट पेंटॅक्सकडे बघा. कॅनन, निकॉन आणि सोनी मिररलेसकडे वळले, हे आरशाच्या कॅमेऱ्याला धरून राहिले. १९७५ चा के-माउंट सोडला नाही, त्या काळचं भिंग आजच्या बॉडीवर बसतं. २०२४ मध्ये 'पेंटॅक्स १७' हा फिल्मचा कॅमेरा काढला, तेव्हा फिल्म ओढायच्या लिव्हरसाठी निवृत्त इंजिनियरांना बोलावून विचारलं. मी ती बातमी भाचीला मोठ्याने वाचून दाखवली.

आमच्या भागात हळदीच्या हंगामात कॅमेरे येतात ते फटीफटीत पिवळी भुकटी घेऊन. ती काढायला दिवस जातो. तेवढा दिवस न घालवता "नवीन घ्या" म्हणणारे या धंद्यात वाढलेत. बोर्ड बदलता येतो म्हणून त्यांना मी कारागीर म्हणणार नाही.

आता भाता आणतात ते संग्राहक, नाहीतर जुन्या पद्धतीने फोटो काढू पाहणारी पोरं. नांदेड-परभणीहून कोणी माझं नाव विचारत आलं की छाती फुगते, लपवत नाही. प्रत्येक भात्याच्या आत, जिथं फक्त पुढचा दुरुस्त करणारा बघेल, तिथं मी माझं नाव लिहितो. परवाचा भाता पहिल्यांदाच पूर्ण भाचीच्या हातचा. बल्ब लावून मी कोपरा न् कोपरा तपासला. एक तरी छिद्र सापडावं असं मनातून वाटत होतं. सापडलं नाही.

"मामा, आत माझं नाव लिहू?"

लिही म्हणालो. पण माझ्या नावाखाली.