गिटारची पुष्पिका

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना मी दरवर्षी एक इशारा देत आलो आहे. पोथीच्या अखेरीस पुष्पिकेत दिलेला शक हा त्याच पोथीचा लेखनकाल असेल, असे गृहीत धरू नका. नकलाकार कधी कधी समोरच्या जुन्या पोथीची पुष्पिकाही शकासकट उतरवून घेतो. तेव्हा शक जुन्या पोथीचा असतो आणि कागद नव्या. विद्यार्थी हे वहीत टिपून घेतात आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळतो. गेल्या पावसाळ्यात हाच मुद्दा मला एका जुन्या इलेक्ट्रिक गिटारपुढे बसून पुन्हा शिकावा लागला.

गिटार माझ्या काकांची. काका वीज मंडळात कारकून होते आणि ऐंशीच्या दशकात कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवत असत. त्या काळी आयातीवरचे निर्बंध आणि जकात यांमुळे परदेशी वाद्य रीतसर मागवणे साध्या वादकाच्या आवाक्यातले नव्हते. कुणाचा भाऊ जहाजावर असे, कुणाचा मामा आखातात. तेही नसेल तर गोवा. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात पैसे संपलेले परदेशी प्रवासी जवळची चीजवस्तू विकत. १९८४च्या डिसेंबरात काका एस.टी.ने गोव्याला गेले आणि अशाच एका प्रवाशाकडून ही फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेऊन आले. विकणाऱ्याने सांगितले होते, ‘१९६४ची आहे.’ काका पुढे जन्मभर तेच सांगत राहिले. घरात तिला ‘चौसष्ट’ असेच नाव पडले होते.

काकांना जाऊन दोन वर्षे झाली. काकूंनी ती विकायचे ठरवले आणि कागदपत्रांत डोके घालणारा घरातला माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आले.

प्रथम मला ते अगदी सोपे वाटले. या गिटारचा नेक, म्हणजे मानेचा लांब भाग, मुख्य देहाला मागून चार स्क्रूंनी जोडलेला असतो आणि त्या स्क्रूंखाली धातूची एक प्लेट असते. १९७६च्या सुमारास क्रमांक नेकच्या डोक्यावर छापला जाऊ लागला. त्यापूर्वी तो या प्लेटवर कोरलेला असे. आमच्या प्लेटवर ‘एल’ हे अक्षर आणि पुढे पाच आकडे होते. ही मालिका साधारण १९६२च्या अखेरीपासून १९६५पर्यंतची. म्हणजे काकांचे म्हणणे खरे ठरत होते. आनंदाला व्यवहाराचीही बाजू होती. लिओ फेंडर यांची कंपनी जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या बड्या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्या खरेदीपूर्वीच्या गिटारांना संग्राहक पुढच्या वर्षांतल्या गिटारांहून कितीतरी अधिक मोल देतात. चौसष्ट आणि सदुसष्ट यांत कॅलेंडरवर तीनच वर्षे आहेत. बाजारात फार मोठे अंतर आहे.

पुण्यातल्या वाद्यदुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाकडे मी ती घेऊन गेलो. त्याने प्लेट पाहिलीच नाही. डोक्याकडे पाहून तो म्हणाला, “सर, हे डोकं मोठं आहे. चौसष्टचं लहान असतं.” स्ट्रॅटोकास्टरचे डोके १९६५च्या अखेरीस मोठे केले गेले आणि १९८१पर्यंत तसेच राहिले, ही या क्षेत्रातली बाराखडी. मला ती ठाऊक नव्हती. मी वकिली केली: नेक मागाहून बदलला असेल, देह तर चौसष्टचा असू शकतो? हा प्रश्न रास्त होता, कारण ही गिटार स्क्रूंनी जोडलेली असते. तिचा कोणताही भाग काढून दुसरीला लावता येतो. पोथीची पाने विस्कटून दोन पोथ्यांची एक व्हावी, तसे येथे सहज घडते. “मग उघडून बघू,” तो म्हणाला.

वरचे प्लॅस्टिकचे झाकण निघाले. आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांखाली पॉट नावाचे गोल सुटे भाग असतात. त्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले होते: १३७६६२५. पहिले तीन आकडे सीटीएस या उत्पादकाचे, पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १९६६चा पंचविसावा आठवडा. वायरींचे सोल्डर जुने, कुणी न छेडलेले दिसत होते. हा पुरावा काय सांगतो, तेही नीट पाहावे लागते. सुटा भाग आधी तयार होतो, वाद्य नंतर जुळवले जाते. म्हणून त्या आकड्यांवरून गिटार १९६६च्या आधी जुळवलेली नाही एवढेच म्हणता येते. ती १९६६चीच आहे असे नाही. फेंडरकडे १९६६चा पॉटचा साठा इतका मोठा होता की पुढची काही वर्षे तोच वापरला जात होता.

तरुणाने आणखी एक गोष्ट दाखवली. १९६४च्या सुमारापर्यंत रंग वाळवताना देह टेकवण्यासाठी लाकडात लहान खिळे मारत; त्यांची भोके झाकणाखाली आणि प्लेटखाली सापडतात. बाहेरून आमची गिटार कुणीतरी पांढरी रंगवली होती, पण झाकणाखाली मूळचा पिवळा-तांबूस रंग शाबूत होता. त्यात भोक एकही नव्हते. झिजेबद्दल मी विचारले तर तो हसला. “झिजेवर जाऊ नका, सर. १९९५पासून फेंडर स्वतःच नव्या गिटारी झिजवून विकते.”

अखेरीस चार स्क्रू काढून त्याने नेक वेगळा केला. नेकच्या टोकाला, देहात बसणाऱ्या भागावर, शाईचा शिक्का होता: नोव्हेंबर ६७. डोके, पॉट, देह, नेक हे चारही साक्षीदार एकमेकांशी जुळत होते. प्लेट एकटी वेगळे बोलत होती. तिच्यावरचा क्रमांक खोटा होता असे नाही. तो बहुधा दुसऱ्या कुठल्या गिटारचा होता. जुन्या पोथीची पुष्पिका नव्या पोथीला जोडली गेली होती.

पण खरी गोष्ट पुढेच होती. नेक बसतो त्या खाचेत कागदाची एक जाड घडी होती. नेकचा कोन किंचित बदलून तारा खाली आणण्यासाठी असे पॅकिंग घालतात. ती घडी लग्नपत्रिकेची होती. माझ्या आत्याच्या, १९८८च्या लग्नाची. कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काकांच्या अक्षरात लिहिले होते: ‘दोन घड्या पुरेत.’

म्हणजे १९८८नंतर कधीतरी काकांनी स्वतः नेक काढला होता. शिक्का आणि घडी यांच्यात बोटभरही अंतर नव्हते. त्यांना तो दिसला नसेल, हे शक्य नव्हते. काकांना ठाऊक होते. तरीही ते अखेरपर्यंत चौसष्ट म्हणत राहिले. मी त्यांना भाबडे समजत आलो होतो. ते बरे होते, की आता समोर आलेले हे?

काकूंना सांगावे की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. सांगितले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माहीत होतं त्यांना. मलाही सांगितलं होतं. अरे, गिटार घेताना सासूबाईंनी हातातल्या पाटल्या मोडून पैसे दिले होते. लाखात एक वस्तू मिळाली म्हणून त्या गल्लीभर सांगत. त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, की फसलो?”

“पण आजी २००३ साली गेली.”

“नंतर सवय झाली,” काकू म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “तू लिहिताना खरं तेच लिही. फक्त त्यांना खोटं पाडू नकोस.”

या दोन्ही गोष्टी एका कागदावर कशा साधायच्या? उत्तर मला जुन्या मराठीतच सापडले. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवल्यावर महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले, असे परंपरा सांगते. त्यामुळे पाठ अनेक झाले. एखादी लीळा कुणाला निराळी आठवत असेल, तर ते निराळे स्मरण ‘वासना’ म्हणून मूळ मजकुराशेजारी नोंदले जाई. ते मुख्य पाठात घुसडले जात नसे आणि खोडूनही टाकले जात नसे. त्या शब्दाचा हा पारिभाषिक अर्थ ऐकून वर्गात दरवर्षी खसखस पिकते. मीही आजवर त्या हशात सामील होत आलो.

गिटारसोबत द्यायच्या कागदावर मी लिहिले: नेक नोव्हेंबर १९६७, पॉट १९६६, देह त्याच काळाचा, बाहेरून पुन्हा रंगवलेला, प्लेट १९६२ ते ६५च्या मालिकेतील, मूळची नव्हे. त्याखाली वेगळी ओळ: ‘मालकाची वासना: १९६४.’ विकत घेणाऱ्या मुंबईच्या गृहस्थांनी त्या ओळीचा अर्थ विचारला. मी सांगितला. किंमत अर्थातच सदुसष्टची, त्यातही रंग आणि प्लेट बदललेल्या गिटारची ठरली. काकूंनी ती मान्य केली.

पत्रिकेची घडी मला ठेवून घ्यायची होती. तरुणाने ती खाचेतून उचलली, नेक तसाच बसवून पाहिला आणि मान हलवली. तारा उंच जात होत्या. दुसरे पॅकिंग घालता आले असते. तो म्हणालाही तसे. मी घडी परत जागेवर ठेवायला सांगितली आणि त्याने चारही स्क्रू आवळले.