शेगडीची ज्योत पिवळी पडली, तर?

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी का आली, इडली का बसली, यावर आपण बायका तासभर बोलू शकतो. पण ज्या शेगडीवर हे सगळं शिजतं, तिच्याकडे आपलं लक्ष जातं ते ती रुसल्यावरच. वरून घासूनपुसून चकचकीत करायची आणि तिच्या पोटात काय साठलंय ते बघायचं नाही, अशी आपली रीत!

मी डहाणू तालुक्यातल्या रानशेतला राहते. घर सांभाळून शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. आमचा भाग वारली वस्तीचा. कुडाच्या, शेणामातीनं सारवलेल्या भिंतींची घरं अजूनही दिसतात. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अशा गावांतल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा गॅस आला. चूल मात्र गेली नाही, तिच्या शेजारीच गॅस बसला. नळी, रेग्युलेटर, शेगडी सगळं आलं, पण त्याची निगा कशी राखायची हे समजावणारं माणूस काही बरोबर राहायला आलं नाही.

माझ्या वर्गातली एक मुलगी पावसाळा संपल्यापासून पहिल्या तासाला सारखी उशिरा यायची. एकदा जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "लाकडं आणायला जाते, बाई."

"अगं, तुमच्याकडे गॅस आहे ना?"

"तो टोप काळे करतो."

संध्याकाळी तिच्या घरी गेले. शेगडी जमिनीवर, तिच्यावर धुतलेलं फडकं झाकलेलं, आणि पलीकडे चूल धडधडत होती. आजी खोकत होत्या. आई म्हणाली, "चुलीनं टोप काळे होतात ते समजतं, बाई. गॅसनंपण काळेच होणार, तर त्यावर पैसे कशाला घालायचे?" आजींचं मत तर पक्कं होतं, की गॅसच भेसळीचा येतो.

शेगडी पेटवून पाहिली. ज्योत लांब, पिवळी, आळसावल्यासारखी डुलणारी. हे दुखणं भेसळीचं नाही, हवेचं आहे. शेगडीचं बटण फिरवलं की गॅस एका बारीक छिद्रातून जोरात सुटतो आणि जाताना बाजूची हवा आपल्याबरोबर नळकांड्यात ओढून घेतो. दोन्ही नीट मिसळले, की बर्नरवर निळी, आखूड, घट्ट ज्योत येते. हवा कमी पडली, की गॅस अर्धवट जळतो, ज्योत पिवळी होते आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन भांड्याच्या बुडाला बसतो. म्हणजे पैसे गॅसचे आणि कमाई काजळीची. (खारं पाणी उतू गेलं तर ज्योत थोडा वेळ पिवळी-नारिंगी दिसते. ती मिठाची करणी, आपोआप जाते. तिला घाबरू नये.)

रेग्युलेटर बंद केला, शेगडी गार होऊ दिली, बर्नर उचलले आणि शेगडी उलटी केली. हवा आत शिरते त्या नळकांड्याच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, आणि आत कोळ्याचं जाळं! शेगडी पावसाळ्यात महिनाभर बंद होती म्हणे. बंद शेगडी ही कीटकांना आयतीच मिळालेली खोली. मुलीला घरी पाठवून माझ्याकडचा बाटली धुण्याचा ब्रश मागवला आणि त्यानं नळकांडी साफ केली. बर्नरच्या भोकांत पेजेचा थर वाळून दगड झाला होता. चिंचेच्या कोमट पाण्यात तासभर भिजवून, जुन्या दातांच्या ब्रशनं घासून, सुईनं एकेक भोक मोकळं केलं. मग बर्नर पूर्ण कोरडे केले, कारण ओल राहिली तर ज्योत फडफडते. एक मात्र लक्षात ठेवा. सुई चालते ती बर्नरच्या भोकांना. गॅस सुटतो त्या पितळी छिद्रात सुई खुपसू नका. ते जरासं जरी मोठं झालं, तरी गॅस जास्त सुटतो आणि ज्योत पुन्हा पिवळी. ते काम मेकॅनिकचं.

पेटवल्यावर निळी ज्योत आली, तेव्हा आजी दोनदा वाकून बघून गेल्या. मुलगी आता बहुतेक दिवस पहिल्या तासाला वर्गात असते. लाकडं अगदीच थांबली नाहीत. भरलेल्या सिलिंडरचे पैसे एका वेळी काढणं मजुरीच्या घरात सोपं नाही, आणि आजींना नागलीची भाकरी चुलीवरचीच लागते. पण निदान चहा, भात, डाळ गॅसवर होते.

पिवळी ज्योत म्हणजे नुसती काळी भांडी नव्हेत. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. शहरात बाथरूममध्ये गॅसचा गीझर लावून खिडकी बंद करून आंघोळ करतात, तिथे हाच वायू जीव घेतो. माझ्या नणंदेनं आपला गीझर बाहेर बाल्कनीत हलवला, पाणी तेवढं नळीनं आत येतं. थोडा खर्च आला, पण मला तो शंभर टक्के पटला.

त्या घरात आणखी दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. शेगडी जमिनीवरून उचलून विटांवर फरशी टाकून केलेल्या ओट्यावर ठेवली, कारण शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच हवी. आणि सिलिंडर चुलीपासून दूर नेला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, आणि उंबरा उंच असेल तर आत साचतो. शेजारी चुलीत निखारा असला, की मग काय होईल ते सांगायला नको. गॅस संपत आला म्हणून सिलिंडर आडवा करणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस नळीत येतो. कृपा करून हे करू नका.

रबरी नळी वाकवून पाहा. भेगा दिसल्या तर लगेच बदला, न दिसल्या तरी पाच वर्षांनी बदला, आणि आयएसआय छापाचीच घ्या. गळतीची शंका आली तर काडी ओढून नव्हे, साबणाचा फेस लावून बघायचं. बुडबुडे आले की गळती. बऱ्याचदा सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग झिजलेली असते, म्हणून नवीन सिलिंडर आला की देणाऱ्याला गळती तपासूनच जायला सांगा. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, चुलीतला विस्तव आधीच विझवलेला नसेल तर त्याच्याजवळ न जाता सगळ्यांनी बाहेर. मग बाहेरून १९०६ ला फोन करायचा, तो दिवसरात्र चालू असतो. त्या मुलीनं हा आकडा सिलिंडरच्या वरच्या भिंतीवर खडूनं लिहिलाय. भिंत सारवली की पुन्हा लिहिते.