रोबो धावला, पण गटारात कोण उतरणार?

2025 च्या 31 जुलैला आम्ही पाच-सहा जण जळगावहून एसटीने धुळ्याला निघालो होतो, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर. 1937 साली एका खटल्यासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे थांबले होते. म्हणून दरवर्षी या दिवशी खान्देशातली आपली माणसे तिथे जमतात.

गाडीत मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. त्याच वर्षी 19 एप्रिलला बीजिंगमध्ये माणसासारखे दोन पायांचे रोबो 21 किलोमीटर धावले. पहिला आलेला 'तिएनगोंग अल्ट्रा' 2 तास 40 मिनिटांत पोहोचला. अमेरिकेत टेस्ला 'ऑप्टिमस'च्या मागे लागली आहे, तर चीनच्या युनिट्रीने 2024 मध्ये 16 हजार डॉलरपासून रोबो विकायला काढला होता.

चटई कारखान्यात बारा-बारा तास उभा राहणारा आमचा मित्र म्हणाला, "आता आपली सुट्टी!" मागच्या सीटवर एक निवृत्त सफाई कामगार बाबा बसले होते. त्यांनी विचारले, "हाई मशीन गटारमा उतरी का रे भाऊ?"

आम्ही गप्प झालो.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 साली झाला. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाखांची भरपाई ठरवली. भरपाई वाढली, मरण थांबले नाही. यंत्र नाही म्हणावे, तर केरळमध्ये 2018 पासून 'बँडिकूट' रोबो मॅनहोल साफ करतो आहे. तो माणसासारखा दिसत नाही, पण माणसाचा जीव वाचवतो. मग अडले कुठे? मित्रांनो, जिथे जात फुकटात माणूस पुरवते, तिथे यंत्रावर पैसा कोण खर्च करणार?

बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. 1945 च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी स्पष्ट मांडले आहे की, यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नसून नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे.

म्हणून रोबोला घाबरण्यापेक्षा आपण दोन कामे करू. जळगाव आणि धुळे महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारू, गटारसफाईची यंत्रे किती आहेत आणि त्यातली चालू किती? आणि आयटीआय, पॉलिटेक्निकमधली आपली पोरे यंत्र पुसणारी नव्हे, यंत्र बनवणारी झाली पाहिजेत. त्या बाबांना उत्तर द्यायचे आहे, आणि ते आपल्यालाच द्यायचे आहे.

जय भीम!