सात फुटी डबा, अडीच फुटी रूळ

आमच्या खांडबारा स्टेशनातून जाणारा रूळ पहिल्यापासून ब्रॉडगेज. सुरतेहून अमळनेरकडे ताप्ती व्हॅली रेल्वे आली ती १९०० च्या आगेमागे, आणि तेव्हाच दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर ठेवलं गेलं. पण आमच्या दोन्ही अंगांना नॅरोगेज आहे. सुरतेच्या खाली बिलिमोऱ्याहून डांगात वघईपर्यंत ६३ किलोमीटर, आणि इकडे जळगाव ओलांडून पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटर. दोन्हींचा रूळ ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटी. बिलिमोऱ्याची लाइन गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने टाकली. पाचोऱ्याची टाकली ती सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वेज कंपनीने, आणि तिचा कारभार किलिक निक्सन कंपनीकडे होता. आमच्या ताप्ती व्हॅलीचा कारभारही त्याच किलिक निक्सनकडे. त्यामुळे पाचोरा-जामनेरची 'पीजे' मला कधी परकी वाटली नाही.

२०२० च्या टाळेबंदीत दोन्ही गाड्या थांबल्या. बिलिमोऱ्याची पुढच्या वर्षी सुरू झाली. पीजे थांबली ती थांबलीच, आणि ब्रॉडगेजचं काम निघालं. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा ही स्टेशनं नकाशावर राहतील, पण डब्यांचं काय? त्या धास्तीनेच मी डब्यांची संगणकी मॉडेलं करायचं काम हाती घेतलं. स्टेशन रोडवर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की तिथल्याच संगणकावर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर उघडतो आणि डबे घडवतो. ब्लेंडर फुकट मिळतं. डबे ज्यात चालवतो तो ओपन रेल्स सिम्युलेटरही फुकटच.

पहिली अडचण मापांची. मला हव्या त्या डब्याचा कारखान्यातला नकाशा हाती लागत नाही. मग फोटोच मोजायचा. डबा अगदी समोरून टिपलेला हवा आणि चाकांखालचा रूळ दिसायला हवा, एवढंच. त्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, हे एक माप देवाने दिलेलं. पडद्यावर ते ३८१ पिक्सेल भरलं, तर एक पिक्सेल म्हणजे दोन मिलिमीटर. मग छताची उंची, बफरची उंची, पायरीची खोली, सगळं त्याच पट्टीने निघतं. फक्त रूळ मोजायचा तो डब्याच्या तोंडाखाली, बरोबर त्याच रेषेत. हातभर पुढचा मोजला की माप फसतं.

मापं मांडली की या डब्यांचा खरा स्वभाव कळतो. ब्रॉडगेजचा प्रवासी डबा सव्वातीन मीटरच्या आतबाहेर रुंद असतो, म्हणजे रुळाच्या दुपटीलाही पोचत नाही. बार्शी लाइट रेल्वेची वाघीण सात फूट रुंद होती आणि खाली रूळ अडीच फुटांचा. जवळजवळ पावणेतीनपट! दोन्ही बाजूंना एवढं अंग बाहेर काढून डबा उभा राहायचा, तर डब्याचा तळ बुटका हवा, चाकं लहान हवीत, ओझं खाली हवं. बफरही ब्रॉडगेजच्या जुन्या डब्यांसारखे दोन बाजूंना दोन नाहीत, मधोमध एकच. अशा डब्याला ब्रॉडगेजच्या डब्याची छोटी आवृत्ती म्हणणं मला पटत नाही. त्याची घडणच वेगळी आहे. बरेच जण मोठ्या डब्याचं मॉडेल घेऊन ते लहान करतात आणि नॅरोगेज म्हणून चालवतात. ते बघवत नाही.

बार्शीचं नाव निघालं तर एव्हरार्ड कॅलथ्रॉपबद्दल बोललंच पाहिजे. १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली ती या इंजिनिअरच्या डोक्यातून. त्याने ठरवलं, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग इंजिन असो की वाघीण. त्यामुळे यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ पुरला. आणि सगळ्या वाघिणींना खालचा सांगाडा एकच, २५ फूट बाय ७ फूट, दाबून घडवलेल्या पोलादाचा. वर भिंती आणि छप्पर चढवलं की बंद वाघीण, नुसत्या भिंती ठेवल्या की उघडी. त्याने यातून पैसा वाचवला, सव्वाशे वर्षांनी माझे महिने वाचतात. मी सांगाडा एकदाच जीव ओतून केला आणि आता त्याच्यावर एकेक प्रकार चढवतो आहे.

वघईच्या लाइनसाठी मी सागाचे ओंडके लादलेली वाघीण केली. डांगातलं लाकूड खाली आणायला ही लाइन होती, तेव्हा ओंडके हवेतच. एकच ओंडका करून त्याच्या नकला रचणं सोपं असतं. पण आमच्या भागात साग कुणी पाहिला नाही असं होत नाही. बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे निमुळता, मध्येच गाठ, कुठे साल सुटलेली. म्हणून प्रत्येक ओंडका वेगळा घडवला, आणि एकाचा बुंधा पुढे तर शेजारच्याचा मागे असे रचले. तसे रचले तरच ओझं सारखं बसतं.

सगळ्यात जिकिरीचं काम बोगीचं, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचं. सिम्युलेटरला नावं ठरलेली लागतात. २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरपासून ती रीत चालत आली आहे. पुढची बोगी 'बोगी १', तिच्या चाकांच्या जोड्या 'व्हील्स ११' आणि 'व्हील्स १२'. मागची 'बोगी २', तिची चाकं '२१' आणि '२२'. चाकाचा केंद्रबिंदू आसाच्या मध्यावर काटेकोर बसला नाही, तर चालताना चाक लंगडतं. बोगीचा बिंदू चुकला तर वळणावर डबा एकीकडे आणि बोगी दुसरीकडे. नॅरोगेजची वळणं आवळ असतात, तिथे हे लगेच उघडं पडतं. डब्याच्या फाइलमध्ये रुळाची रुंदीही लिहिता येते. ती लिहिली की वळणावर गाडी किती जड ओढेल याचा हिशेब सिम्युलेटर त्याप्रमाणे करतो. मी ती न चुकता लिहितो, पडद्यावर दिसत नसली तरी.

पाचोऱ्याकडचे एक निवृत्त फिटर काका आहेत. नॅरोगेजच्या डब्यांखाली त्यांची सगळी नोकरी झाली. दुकानातल्या पडद्यावर मी त्यांना माझा प्रवासी डबा फिरवून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिलं बोट ठेवलं ते दाराजवळच्या दांड्यावर.

"भाऊ, इथे रंग कसा काय राहिला?"

"का हो काका?"

"अरे, चढणारा प्रत्येक माणूस इथेच धरतो. उतरणाराही इथेच. रंग टिकणार कुठे? लोखंड दिसायला पाहिजे. आणि पायरीची कड मधोमध झिजव, दोन्ही टोकांना नको."

मग ते बोलतच राहिले. छताच्या पन्हाळीतून पाणी कुठे उतरतं, गंज आधी कुठे धरतो, टपावर बसणाऱ्यांनी पत्रा कुठे दबतो. मी वहीत लिहून घेतलं आणि रात्री त्याप्रमाणे रंगाचा थर नव्याने केला. दांड्याचा मधला वीतभर भाग उघड्या लोखंडाचा, वरखाली रंग शाबूत. एवढ्या एका फरकाने डबा वापरातला वाटू लागला. हे मापात सापडत नाही आणि कारखान्याच्या नकाशातही नसतं.

पुण्यात जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, नागपुरात नॅरोगेजचंच संग्रहालय आहे. दोन्ही मोलाची. पण नागपूरच्या संग्रहालयातला डबा एका जागी उभा असतो. मला तो शेंदुर्णीहून पहूरकडे जाताना पाहायचा आहे, मागे गार्डाचा डबा जोडलेला. सध्या त्या गार्डाच्या डब्यावरच काम चाललंय आणि हातब्रेकच्या चाकापाशी अडलंय, कारण त्याचा फोटो मिळत नाही. लोकांकडे पीजेचे फोटो खूप आहेत. लग्नाला निघालेलं वऱ्हाड, कॉलेजची पोरं, गाडीपुढे उभं राहून काढलेले. त्यांत माणसं मध्यभागी आणि डबा मागे, चाकं गुडघ्यांआड. गार्डाच्या डब्याचं आतलं अंग टिपलेला एक फोटो कुणाच्या कपाटात नक्की असणार. पुढच्या खेपेला पाचोऱ्याला जाईन तेव्हा काकांबरोबर चार घरं पालथी घालायची ठरवली आहेत.