ओळ क्रमांक १३२

मामांना जाऊन दोन वर्षं व्हायला आली होती, तेव्हा मामीचा फोन आला. "त्यांनी एकूण किती लिहिलंय ते मोजून देतोस का रे? कागदावर पाहिजे मला. मोबाईलवर बघून काय कळतंय?"

मामांचा ब्लॉग २००८पासूनचा. सांगलीत गावभागात घर, शाळेतली नोकरी, आणि पहाटे उठून लिहिणं. आधी वहीत लिहायचे, मग टाइप करायचे. त्या वह्या ऑगस्ट २०१९च्या महापुरात गेल्या. कृष्णेचं पाणी खालच्या खोलीतल्या कपाटात शिरलं आणि ओसरल्यावर आतून नुसता लगदा निघाला. उरला ब्लॉग. त्यातही घाई होती. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलनं २०२३मध्येच जाहीर केलंय. खात्यासोबत ब्लॉगही जातो का, हे वाट बघून तपासायची माझी तयारी नव्हती. पासवर्ड गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलेला सापडला.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. गूगल टेकआउटमधून ब्लॉगचा सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, पायथनच्या वीसेक ओळी लिहायच्या आणि शीर्षक, तारीख, लिंक असे तीन कॉलम काढायचे. पहिल्यांदा हजारावर ओळी आल्या. मामा एवढं लिहीत होते? छे, त्या फाइलमध्ये वाचकांची प्रत्येक प्रतिक्रियासुद्धा स्वतंत्र नोंद म्हणून असते. त्या गाळल्यावर १८७ उरल्या.

मग एक्सेलमध्ये फाइल उघडली तर शीर्षकांच्या जागी चिन्हांची खिचडी. हे मराठी माणसाला नवीन नाही. युनिकोडमधल्या मराठीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा साठवायला तीन-तीन बाइट लागतात, आणि हे युनिकोड आहे असं एक्सेलला आधी सांगावं लागतं. त्यासाठी फाइलच्या अगदी सुरुवातीला आणखी तीन बाइट टाकायचे, न दिसणारे. टाकले. शीर्षकं जागेवर आली.

लिंकची गंमत वेगळीच. ब्लॉगर लेखाचा पत्ता शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून बनवतं. मामांची शीर्षकं अस्सल मराठी, त्यामुळे आजीच्या चुलीवरचा लेख असो की हळदीच्या सौद्यावरचा, पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एक आकडा. लिंक बघून लेख ओळखायची सोयच नाही. तरी मामा फोनवर सांगायचे, "अरे, तो सत्तेचाळीस नंबरचा वाच."

तारखाही चुकलेल्या दिसत होत्या. १५ ऑगस्टचा लेख यादीत १४ला. फाइलमधली वेळ ग्रिनिचची होती, साडेपाच तास मिळवावे लागले. मिळवल्यावर कळलं, जवळजवळ सगळे लेख पहाटे चार ते साडेपाचच्या मधले आहेत. मामीला सांगितलं तर म्हणाली, "तेव्हाच नळाला पाणी यायचं. मी भरत असायची, आणि हे बसायचे खटखट करत."

चौथा कॉलम मी नंतर काढला. लेख प्रकाशित आहे की मसुदा, हेही त्या फाइलमध्ये असतं. १७१ प्रकाशित, १६ मसुदे. मसुदे बहुतेक दोन-चार ओळींचे, सुचलं तसं टिपून ठेवलेले. एक मात्र दीड पानाचा होता, २०११चा. शीर्षक 'हक्कसोड'. अनुक्रमांक १३२.

वाळवा तालुक्यातली आजोबांची ऊसाची जमीन. मुलींना बरोबरीचा वाटा देणारी कायद्यातली दुरुस्ती २००५ला आली, आणि २००६ला माझ्या आईनं दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. मी तेव्हा नऊ वर्षांचा. घरात कुणी भांडल्याचं आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यानंतर आई भाऊबीजेला सांगलीला जायची ती संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला परत यायची. मुक्काम बंद झाला होता.

मामांनी त्या दिवसाचंच लिहिलं होतं. आक्कानं सही केली, पेन टोपण लावून परत दिलं. बाहेर सगळ्यांनी रस प्यायला, पैसे मामांनी दिले. आक्का म्हणाली, आता तरी मला देऊ दे. ते वाक्य मामांनी तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं आणि पुढे काहीच नव्हतं.

यादीच्या दोन प्रती काढायच्या होत्या, एक मामीला, एक आईला. मी बाकीचे पंधरा मसुदे ठेवले. १३२वर राइट क्लिक केलं आणि 'हाइड' निवडलं. डिलीट करायचा धीर नव्हता, आणि दाखवायचाही नव्हता.

शनिवारी साताऱ्याहून एसटी पकडून कराड, पेठ नाका करत सांगलीला पोचलो. मामीनं चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीपासून खुणा करत खाली आली. तीस वर्षं पतसंस्थेत खतावण्या तपासलेली बाई, हे मी विसरलो होतो.

"एकशे एकतीसनंतर एकशे तेहतीस कसं काय?"

मी काहीतरी म्हणालो, प्रिंटरचं वगैरे.

"प्रिंटर आकडा खातोय होय?"

लॅपटॉप उघडून दिला. तिनं सगळं वाचलं, सावकाश, बोटानं वर सरकवत. मग उठून आत गेली. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"मी होते की त्या दिवशी," ती आतूनच म्हणाली. "रस मी प्यायलेच नव्हते. हे लिहिलं नाही त्यांनी." मग बाहेर येऊन म्हणाली, "दुसरी प्रिंट काढ. आकडे सलग पाहिजेत. आणि आक्कांना तीच प्रत दे."

गणपती पेठेतल्या एका दुकानात पुन्हा दोन प्रती काढल्या. सोबत १३२चा मजकूरही छापून घेतला, दीड पान, आणि आईच्या प्रतीच्या मागे स्टेपल केला.

आईनं प्रत घेतली, वजन केल्यासारखी हातात धरली आणि पहिल्यापासून वाचायला बसली. मधूनच शीर्षक वाचून हसते, मला लिंक उघडायला सांगते. आज चौथा दिवस. काल रात्री ती अठ्ठ्याण्णववर होती.