खरखरीमागचा आवाज

ध्वनिफीत सुरू होते तेव्हा प्रथम गाणे ऐकू येतच नाही. ऐकू येते ती खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, कोणाचा तरी खोकला, जवळ बसलेल्या दोघांची कुजबुज. आणि या साऱ्यापलीकडून, शेजारच्या घरातून यावा तसा गायकाचा आवाज येतो. सभागृहात लपवून नेलेल्या लहानशा यंत्रावर कोणा श्रोत्याने केलेले हे मुद्रण. दुकानातल्या तबकडीवर तेच गाणे स्वच्छ, निर्दोष ऐकता येते. तरीही अमेरिकन गायक बॉब डिलनचे चाहते पन्नासहून अधिक वर्षे अशा फितींचा शोध घेत आले आहेत.

या वेडाला कारण आहे. डिलन आपले गाणे एकदा गाऊन संपवत नाही. चाल बदलतो, लय बदलतो, कधी शब्दही बदलतो. ओळखीचे गाणे कोणते हे कळायला श्रोत्यांना दोन ओळी जाऊ द्याव्या लागतात. तबकडीवर असते ते त्या गाण्याचे एका दिवसाचे रूप. महाराष्ट्रातील रसिकांना हे नवे वाटू नये. आवडत्या गवयाचा तोच राग निरनिराळ्या मैफलींत ऐकण्यासाठी खाजगी मुद्रणांच्या फिती येथेही हातोहात फिरल्या आहेत.

या साऱ्या फितींत एक विशेष गाजली. १७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात डिलनचा कार्यक्रम होता. त्याला पंचविशी गाठायला अजून आठवडा होता. पूर्वार्धात तो एकटाच गिटार व माउथ ऑर्गन घेऊन गायला. श्रोते तल्लीन झाले. त्यांना हवा होता तो लोकगीतांचा गायक हाच. उत्तरार्धात मात्र तो साथीदार आणि विजेवर वाजणारी गिटार घेऊन आला. ज्यांनी त्याच्या गीतांत अन्यायाविरुद्धचा आवाज ऐकला होता, त्यांना हा दणदणाट म्हणजे बाजारापुढे पत्करलेली शरणागती वाटली. दोन गाण्यांच्या मध्ये संथ, उपहासाच्या टाळ्या पडू लागल्या. इतक्यात कोणीतरी ओरडले, ‘ज्युडास!’ येशूशी द्रोह करणाऱ्या शिष्याचे ते नाव. क्षणभराने डिलन उत्तरतो : आपला यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस. मग साथीदारांकडे वळून तो आणखी जोरात वाजवायला सांगतो आणि ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सुरू होते. रागाने गायलेले इतके सुरेल गाणे क्वचितच ऐकायला मिळते.

हे मुद्रण खुद्द ध्वनिमुद्रण कंपनीनेच करविले होते, परंतु प्रसिद्ध केले नव्हते. ते कसेबसे बाहेर पडले आणि विनापरवाना तबकड्यांवर जगभर पोचले, तेही चुकीच्या नावाने. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील कार्यक्रम म्हणून लोक वर्षानुवर्षे मँचेस्टरच ऐकत राहिले! १९९८ साली ते अधिकृतपणे निघाले, तेव्हाही वेष्टनावर ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत ठेवावे लागले, इतके ते रूढ झाले होते. त्या दौऱ्यानंतर, जुलै १९६६ मध्ये, डिलनला मोटारसायकलचा अपघात झाला आणि पुढचा दौरा त्याने थेट १९७४ साली काढला. मधल्या काळात तो मंचावर आला, पण मोजकेच वेळा. १९७१ साली पंडित रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी केलेला कार्यक्रम हा त्यांपैकीच. एरवी चाहत्यांना त्या फितींचाच आधार होता.

कॅसेटच्या काळात फिती मिळवणे सोपे नव्हते. कोरी कॅसेट आणि परतीचे टपाल पाठवायचे, मग वाट पाहायची. प्रत्येक नकलेत खरखर थोडी वाढे. नकलेवरून केलेल्या नकलेला चाहते ‘पिढी’ म्हणत, आणि ज्याच्याजवळ पहिल्या पिढीची फीत असे, तो या मंडळींत श्रीमंत गणला जाई. फिती विकायच्या नाहीत, केवळ बदलायच्या, हा अनेकांचा कटाक्ष होता. परंतु पैसे न घेतल्याने प्रश्न मिटत नाही. आपले कोणते गाणे लोकांपुढे जावे आणि कोणते राहून जावे, हे ठरविण्याचा हक्क गायकाचाच. तो डावलला गेला, हे प्रेमाच्या नावाखाली लपत नाही. मात्र त्या यंत्रांनी टिपले नसते, तर कित्येक रात्री पुसल्या गेल्या असत्या, हेही तितकेच खरे.

२०१६ साली डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कंपनीने १९६६ च्या दौऱ्यातील उपलब्ध मुद्रणांचा ३६ तबकड्यांचा संच काढला. काही रात्रींचे चांगले मुद्रण कोठेच नव्हते. तेथे श्रोत्यांनी आपल्या यंत्रांवर केलेली मुद्रणेच, त्यांच्या साऱ्या खरखरीसह, संचात घेतली गेली.