पवनीच्या वाटेवर : काटा तापला, की गाडी?

मैत्रिणींनो, वैशाखात पवनीला जायचं म्हटलं की घरातले नाकं मुरडणारच. पण मुलांना सुट्टी तेव्हाच ना! नागपूरहून साठेक किलोमीटरवर भंडारा, पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. तिथून अड्याळमार्गे वैनगंगाकाठची पवनी. जुना तट, १९६९-७० च्या उत्खननातून उजेडात आलेले बौद्ध स्तूप आणि पुढे गोसीखुर्दचं धरण. पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

अशा उन्हात गाडीचा तापमानाचा काटा एकदम लाल खुणेवर गेला, तर? घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. सावलीत थांबा आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना मुळीच उघडायचं नाही! उकळतं पाणी अंगावर उडतं.

मुलाला ताप भरला की आपण थर्मामीटर तर लावतोच, पण कपाळालाही हात लावून बघतो. इथंही तसंच. वाफ येतेय का? गोडसर, उग्र वास आहे का? गाडीखाली पाणी गळतंय का? गाडी निवल्यावर कूलंटच्या बाटलीतली पातळी खुणेपर्यंत आहे का? यांतलं काही बिघडलेलं दिसलं, तर ताप खरा. पुढे जाऊ नका, मेकॅनिकला बोलवा.

सगळं ठीक असेल, तर संशय सेन्सरवर. इंजिनाच्या पाण्यात बुडालेला हा छोटासा भाग. पाणी तापलं की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, आणि त्यावरून काटा चढतो. त्याची वायर उंदराने कुरतडली आणि इंजिनाच्या धातूला टेकली, तरी काट्याला तेच वाटतं. म्हणून रात्रभर निवलेल्या गाडीची किल्ली सकाळी फिरवून बघा. काटा तेव्हाही लालवरच, तर ताप खोटा. जुन्या, एका वायरच्या गाडीत मेकॅनिक ती वायर सेन्सरवरून काढतो. काटा खाली आला तर बिघाड सेन्सरचा. नाही आला तर वायर वाटेत कुठंतरी टेकलीय, नाहीतर काटाच बिघडलाय. नव्या गाड्यांत हे काम मशीन लावून करतात. त्यांत सेन्सरचा निरोप तुटला, तर पुष्कळदा पंखा सारखा फिरत राहतो.

एक गोष्ट मात्र पदराला गाठ मारून ठेवा. पाणी पार संपलं, तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीही येऊ शकतो! म्हणजे वाफ दिसतेय आणि काटा थंड, तर विश्वास वाफेवर ठेवा.

बिघाड नुसत्या सेन्सरचा असताना कुणी लगेच रेडिएटर बदलायला सांगितला, तर "आधी वायर तपासा" एवढं नक्की म्हणा. आणि शंका असेल तेव्हा ताप खराच समजा, बरं का. पवनीचे स्तूप दोन हजार वर्षं थांबलेत. एक दिवस आणखी थांबतील.